आधी पाणी गाळा, मग क्लोरिनला नावं ठेवा

बस. तूही बस, इंजिनिअरसाहेब, उभं राहिल्याने तुझा दोष कमी होत नाही. एकाने गावाच्या टाकीतला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, बंद केला, दुसऱ्याने नगरपरिषदेच्या पाण्यात क्लोरिनचा डोस वाढवून ठेवला, आणि आता माझ्या ओट्यावर येऊन विचारताय, बाई, आमच्यात बरोबर कोण? कोणीही नाही. बारावीला एकाच बाकावर बसायचात आणि एकमेकांच्या वहीतून उतरवायचात. आजही तेच. चुका वरून वेगळ्या दिसतात, मूळ एकच आहे: कष्ट नकोत.

सरपंच, आधी तू, कारण तू हे ऐन पावसाळ्यात केलंस. गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकलास की नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने कॅन्सर होतो, बायकांचे गर्भपात होतात, परदेशात क्लोरिनवर बंदी आहे आणि आपल्याला मात्र विष पाजतात. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. त्या जोरावर ग्रामसभेत टाळ्या घेतल्यास आणि टीसीएलचं पोतं शाळेच्या ओल्या खोलीत ढकललंस. मेसेज सगळाच खोटा असता तर मी तुला एका वाक्यात वाटेला लावलं असतं. तो अर्धा खरा आहे. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणाऱ्यांना जास्त वेळ द्यावा लागतो, म्हणून ऐक.

आयोडोफॉर्म चाचणी आठवते? परीक्षानळीत ॲसिटोन, त्यात आयोडीन आणि सोडियम हायड्रॉक्साइड. पिवळा साका बसला, दवाखान्याचा वास सुटला आणि तुम्ही नाकं मुरडलीत. ही हॅलोफॉर्म अभिक्रिया. नाव पेपरात लिहून मार्क घेतलेत आणि विसरून गेलात. आयोडीनच्या जागी क्लोरिन घातला की आयोडोफॉर्मच्या जागी क्लोरोफॉर्म तयार होतो. तुमच्या पाण्यात ॲसिटोन कोणी ओतत नाही, कबूल. पण धरणात कुजलेला पालापाचोळा, रानातून वाहून आलेली माती, जलपर्णी, शेवाळ यांतून ह्युमिक आणि फुल्विक आम्लं पाण्यात उतरतात. क्लोरिन त्यांच्यावर तुटून पडतो. बराचसा त्यांना जाळण्यात खर्ची पडतो, थोडा त्यांच्या तुकड्यांना चिकटून राहतो. त्यातून क्लोरोफॉर्म होतो. पाण्यात ब्रोमाइड असेल, किनाऱ्याकडच्या खारट पाण्यात ते असतंच, तर ब्रोमीन घेतलेली त्याची भावंडं तयार होतात आणि ती जास्त तापदायक. अशा चौघांना मिळून ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. दुसरं मोठं कुटुंब हॅलोॲसिटिक आम्लांचं. निर्जंतुकीकरणातून तयार होणारी अशी सातशेच्या वर द्रव्यं आजवर ओळखली गेली आहेत.

हे काल कोणाच्या मोबाइलवर उगवलेलं नाही. 1974 साली रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातला रसायनशास्त्रज्ञ जोहानेस रूक याने दाखवलं की नदीच्या कच्च्या पाण्यात नसलेला क्लोरोफॉर्म क्लोरिन घातल्यावर पाण्यात दिसायला लागतो, आणि पाणी जितकं तपकिरी तितका तो जास्त. त्याच वर्षी अमेरिकेतल्या रसायनतज्ज्ञांनाही तेच सापडलं. 1976 मध्ये क्लोरोफॉर्म पाजलेल्या उंदरांच्या यकृतात आणि मूत्रपिंडात गाठी झाल्याचा अहवाल आला. 1979 मध्ये अमेरिकेने ट्रायहॅलोमिथेनला लिटरमागे 100 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, 1998 मध्ये ती 80 वर आणली आणि पाच हॅलोॲसिटिक आम्लांना मिळून 60 ची घातली. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, क्लोरोफॉर्मसाठी लिटरमागे 200 मायक्रोग्रॅम आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेनसाठी 60 असे आकडे छापलेले आहेत. तुम्हा दोघांपैकी ते पान उघडलंय कोणी? माना खाली घालू नका, उत्तर मला माहीत आहे.

आता कॅन्सरचं. उंदरांना दिलेले डोस प्रचंड होते. तेवढा क्लोरोफॉर्म तुझ्या नळातून कधीच येणार नाही. माणसांच्या पाहण्यांत जो संशय टिकून राहिला आहे तो मूत्राशयाच्या कॅन्सरचा. वर्षानुवर्षं, म्हणजे दोन-तीन दशकं, असं पाणी वापरणाऱ्यांत तो थोडा जास्त आढळतो. 2020 साली युरोपातल्या देशांचा एक मोठा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात मूत्राशयाच्या कॅन्सरचे सुमारे पाच टक्के रुग्ण, म्हणजे वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास, ट्रायहॅलोमिथेनच्या खात्यावर मांडले गेले. पण तो अंदाज आहे, संबंधावरून काढलेला. ट्रायहॅलोमिथेन स्वतः गुन्हेगार, की त्याच पाण्यातल्या दुसऱ्या एखाद्या द्रव्याची ती फक्त खूण, हा वाद चालू आहे. आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान. टपरीमागे तुझ्या बोटांत काय असतं ते मला या ओट्यावरून दिसतं.

गर्भपाताचं म्हणशील तर 1998 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात तसा संबंध दिसला होता. पुढे तोच प्रश्न घेऊन मोठा अभ्यास झाला, त्यात तो तसा दिसला नाही. कमी वजनाच्या बाळांबद्दलचे निष्कर्षही एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. संशय ठेवावा, काळजी घ्यावी, इतकं त्यातून निघतं. गरोदर बाईला गढूळ, कच्चं पाणी पाजावं असं कुठल्याही अभ्यासातून निघत नाही. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, आठवते? पाण्यातून पसरणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ शेवटच्या तिमाहीतल्या बाईचा जीव घेऊ शकते. तुझ्या मेसेजात तिचा उल्लेख नव्हता. का नव्हता?

परदेशात बंदी आहे म्हणालास. कुठे? तू ऐकलंस ते नेदरलँड्सचं, आणि तेही कोणाच्या तरी तोंडून. बंदी नाही तिथे. रूकच्याच देशाने हळूहळू नळाच्या पाण्यात क्लोरिन सोडायची गरज संपवली. कशी, ते ऐक, कारण इथेच तुझं सगळं भाषण कोसळतं. त्यांचं बरंचसं पाणी जमिनीतून उपसलेलं. नदीचं असेल तर आधी साठवणीत मुरवायचं, काही ठिकाणी समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत झिरपवायचं, मग वाळूच्या गाळण्या, कार्बनचे थर, ओझोन किंवा अतिनील किरण. जंतूंना खायला पाण्यात काही उरतच नाही. मग हे पाणी अशा नळांतून जातं ज्यांना गळती फार थोडी आणि ज्यांत चोवीस तास दाब असतो. तुझ्या गावात पाणी एक दिवसाआड पाऊण तास येतं. बाकीचा वेळ नळ रिकामा असतो, आणि रिकामा नळ फटीतून बाहेरचं आत ओढतो. बाहेर काय आहे? गटार. तुझ्या घरासमोरच पाइप गटारातून गेलाय. डच लोकांनी क्लोरिन बंद केला तो पन्नास कामं आधी करून. तू एकही न करता थेट शेवटच्या पायरीवर जाऊन बसलास.

आणि ते रजिस्टर. परवा तुझा जलसुरक्षक ते घेऊन आला होता. टीसीएल बंद असतानाच्या तारखांनाही उरलेल्या क्लोरिनच्या रकान्यात रोज 0.5. एकाच पेनने, एकाच बैठकीत. कॅनडातल्या वॉकरटन गावात हेच चालायचं. पाच हजारांच्या आतली वस्ती. पाणी सांभाळणारे दोघे भाऊ. विहिरीचं पाणी गोड आणि स्वच्छ आहे अशी त्यांची पक्की समजूत, ते स्वतः बिनक्लोरिनचं प्यायचे, आणि क्लोरिनच्या चवीबद्दल गावकरी कुरकुर करायचे. म्हणून डोस कमी ठेवायचा आणि वहीत 0.5 किंवा 0.75 लिहून मोकळं व्हायचं. मे 2000 मध्ये धो-धो पाऊस पडला, जवळच्या शेतातलं शेणखत एका उथळ विहिरीत उतरलं. शेतकऱ्याची चूक नव्हती, त्याने सगळे नियम पाळले होते. ई-कोलायचा भयंकर प्रकार आणि कॅम्पिलोबॅक्टर घराघरांत पोचले. सात माणसं मेली, तेवीसशेच्या वर आजारी पडली, काही मुलांची मूत्रपिंडं कायमची दुखावली. न्यायमूर्ती ओकॉनर यांच्या चौकशीत त्या वह्या पानापानाने वाचल्या गेल्या. तुझी वही कोणी वाचायला घेतली तर काय सांगशील? व्हॉट्सॲपवर आलं होतं म्हणून?

कॅनडा लांब वाटत असेल तर पुणे जवळ आहे. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडच्या, महापालिकेत नव्याने आलेल्या गावांमध्ये जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गियाँ-बारे आजाराचे, रुग्ण वाढले, पुढे संशयित दोनशेच्या वर गेले. धडधाकट माणसांचे पाय लुळे पडले, काहींना व्हेंटिलेटर लागला. तपासात कॅम्पिलोबॅक्टर आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं. पाण्यातला हा जंतू साध्या क्लोरिनलाही टिकत नाही. दशकांनंतरच्या पाच टक्क्यांच्या अंदाजाला घाबरून तू पुढच्या आठवड्याची जुलाबाची साथ ओढवून घेतोयस. ढेकणासाठी घर जाळणं म्हणतात ते हेच.

आणि म्हणे पाण्याचं एटीएम बसवलंय. पाच रुपयांत वीस लिटर. उत्तम. त्यातला कार्बन ट्रायहॅलोमिथेन धरून ठेवतो, हे खरं. पण तोच कार्बन सगळा क्लोरिनही खातो. पुढे ते पाणी उघड्या जारमध्ये, बोटं बुडवून, दोन दिवस राहतं. राखण करायला त्यात काहीच उरत नाही. कार्बन कधी बदलला? माहीत नाही. गुरांचं, भांड्यांचं, आंघोळीचं पाणी तर नळाचंच. ट्रायहॅलोमिथेन उडून जाणारं द्रव्य आहे, क्लोरोफॉर्म 61 अंशांना उकळतो. बंद न्हाणीघरात कढत पाणी अंगावर घेताना तो श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातो, आणि ते प्रमाण पिण्यातून जाणाऱ्याच्या बरोबरीचं किंवा जास्तही असू शकतं. तेव्हा न्हाणीघराची खिडकी उघडी ठेव, हा सल्ला तुझ्या एटीएमपेक्षा स्वस्त आहे. हॅलोॲसिटिक आम्लं मात्र उकळून जात नाहीत, हेही लक्षात ठेव. सगळं एका उपायात बसत नसतं.

हसू नकोस, इंजिनिअर. तुझी पाळी आली आहे.

तू सगळ्यांना पेरूची गोष्ट सांगत फिरतोस. 1991 मध्ये कॅन्सरच्या भीतीने त्यांनी क्लोरिन बंद केला आणि पटकीने हजारो मेले, असं. ही गोष्टही तुझ्या मित्राच्या मेसेजाइतकीच अर्धी आहे. तिथे अनेक ठिकाणी क्लोरिन कधी धड घातलाच जात नव्हता. पैसे नव्हते, नळ फुटके होते, सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होतं. उपउत्पादनांची भीती काही अधिकाऱ्यांच्या बोलण्यात होती, पण साथीचं सगळं ओझं तिच्यावर टाकणं सोयीचं आहे, खरं नाही. तुला ती गोष्ट आवडते, कारण ती सांगितली की पुढे कोणी प्रश्न विचारत नाही.

परवा नळ सोडला तर वासाने डोळे चुरचुरले. तू म्हणालास, वास येतो म्हणजे पाणी शुद्ध. कुठे शिकलास हे? माझ्याकडे तर नक्कीच नाही. तुझ्या फिल्टर प्लँटला मी गेले होते, तुझा ऑपरेटर भला माणूस आहे, त्याने सगळं दाखवलं. धरणाच्या फुगवट्यातून हिरवट पाणी येतं, आणि गाळण्याआधीच, कच्च्या पाण्यातच, तू भरमसाट क्लोरिन सोडतोस. का, तर भिंतींवर शेवाळ धरू नये म्हणून. म्हणजे पाण्यात जेवढी घाण आहे तेवढी सगळी, एकही कण न काढता, तू क्लोरिनच्या ताटात वाढतोस. पारोशा अंगावर अत्तर फासावं तसला हा प्रकार. मग तुरटी, निवळणं, वाळू, हे सगळं ट्रायहॅलोमिथेन तयार होऊन गेल्यावर. वाळूला ते अडवता येत नाही. शेवटी क्लोरिन कमी भरतो म्हणून पुन्हा डोस. पाण्यात कुजकं जितकं जास्त, क्लोरिन जितका जास्त, पाणी जितकं ऊन आणि टाकीत जितकं पडून, तितकी ही द्रव्यं वाढतात. मे महिन्यात तुझ्या उंच टाकीत पाणी किती तास तापत उभं असतं, मोजलंयस?

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं शिशाचं प्रकरण तुला पाठ असेल. त्याआधी काय झालं ते कोणी सांगत नाही. एप्रिल 2014 मध्ये पैसे वाचवायला त्यांनी स्वच्छ तलावाचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं घेतलं. नदीच्या पाण्यात सेंद्रिय घाण जास्त. ऑगस्ट-सप्टेंबरात नळांत कोलिफॉर्म जंतू सापडले, पाणी उकळून प्या अशा सूचना निघाल्या. उपाय काय केला? तुझाच. क्लोरिन वाढवला. जानेवारी 2015 मध्ये लोकांच्या घरी नोटिसा गेल्या की ट्रायहॅलोमिथेन मर्यादेबाहेर गेलंय. जंतू झाकायला निघाले आणि आगीतून फुफाट्यात पडले. पाणी आधी साफ करायचं काम टाळलं की क्लोरिनला दोन माणसांचं काम करावं लागतं आणि मग तो दोन्ही बिघडवतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की उपउत्पादनांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये. हे वाक्य तू भिंतीवर लावलंयस. ठीक. पण ते लिहिणारे त्याच दमात हेही सांगतात की ज्यापासून ही द्रव्यं तयार होतात ती घाण आधी काढा. तेवढं तू वगळलंस. काम तुरटीचं आहे, आणि तुरटी अंदाजाने टाकायची नसते. जार टेस्टचं यंत्र प्लँटवर आहे. त्यावर प्लास्टिकचं आवरण आहे. आवरणावर धूळ आहे. सहा ग्लासांत सहा डोस ढवळायचे, कुठल्यात गुठळी नीट बसते ते बघायचं, वरच्या पाण्याचा गढूळपणा आणि सामू मोजायचा. अर्धा-पाऊण तास लागतो. पावसाळ्यात नदी रोज बदलते, म्हणजे हे रोज करायचं. पाणी थोडं आम्लीकडे झुकलं की तुरटी ही सेंद्रिय आम्लं जास्त ओढून खाली बसवते, हेही तुला शिकवलं होतं. मुख्य क्लोरिन गाळणीनंतर द्यायचा. शेवाळाची भीती असेल तर आधी अगदी हलका डोस, नाहीतर भिंती घासायला माणूस. माणूस महाग पडतो म्हणालास ना मघाशी? माणूस वाचवलास, त्याचे पैसे क्लोरिनवर घातलेस आणि वर लोकांना मूत्राशयाची जोखीम दिलीस.

आणि क्लोरिन सोडून ओझोन लावू, हे तर बोलूच नकोस. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ओझोनमधून ब्रोमेट निघतं, तेही कॅन्सरच्या संशयितांत. क्लोरामाइनला वळलास तर नायट्रोसामाइन. वॉशिंग्टनने 2000 साली क्लोरिनऐवजी क्लोरामाइन घेतलं आणि जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं. रसायन बदललं की ढिसाळपणा झाकला जात नाही, फक्त दुसऱ्या नावाने बाहेर येतो.

आता काय करायचं ते लिहून घ्या. पेन नाही? अजूनही नाही? तो कॅलेंडरजवळचा घे.

सरपंच, शाळेच्या खोलीतलं ते पोतं उघडं पडून आहे, दमट हवेत त्यातला क्लोरिन उडतो. चांगल्या टीसीएलमध्ये तो 33 टक्क्यांच्या आसपास असतो, वीसच्या खाली गेलेली पावडर पाण्यात टाकून उपयोग नाही. नमुना तपासणीला पाठव, तोवर नवं पोतं आण. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे पन्नास हजारांच्या टाकीला अडीचशे. बादलीत कालवायचं, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची, आणि पाणी सोडायच्या आधी निदान अर्धा तास थांबायचं. त्याआधी टाकी धुवायची. टाकीवर धुतल्याची तारीख रंगवलेली आहे, ती वाचून मलाच लाज वाटली. उरलेला क्लोरिन मोजायच्या ओटी चाचणीचा पिवळा रंग लगेच बघायचा. दहा मिनिटांनी गडद झालेला रंग मोकळ्या क्लोरिनचा नसतो. गटारातला पाइप पुढच्या ग्रामसभेआधी वर उचलून घे. आणि ग्रुपवर दुरुस्ती टाक, तुझ्या नावाने, पहिला मेसेज टाकला होतास तेवढ्याच ठळक अक्षरात.

इंजिनिअर, उद्यापासून जार टेस्ट. आठ दिवसांचे आकडे मला दाखव, खरे आकडे, एकाच पेनने लिहिलेले नकोत. ट्रायहॅलोमिथेनच्या तपासणीला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो, तो ज्या प्रयोगशाळेत आहे तिथे नमुना पाठव. बाटलीत थायोसल्फेट घालून घे, नाहीतर वाटेतच अभिक्रिया चालू राहील. बाटली काठोकाठ भर, बुडबुडा राहिला तर द्रव्य त्यात उडून जाईल, आणि बर्फात ठेवून ने. नमुना प्लँटच्या दारातल्या नळाचा घ्यायचा नाही, तिथे सगळं नेहमीच छान असतं. गावाच्या अगदी टोकाला, दर्ग्यामागच्या वस्तीतल्या नळावर जा. पाणी तिथे पोचेपर्यंत क्लोरिन सर्वांत कमी उरतो आणि ट्रायहॅलोमिथेन सहसा सर्वांत जास्त झालेलं असतं. सरपंच, तुझ्या गावातही ओटी तशाच शेवटच्या नळावर करायची. त्या वस्तीतल्या बायका पहाटे पाच वाजता पाणी भरतात, तेव्हा साडेचारला हजर राहा.